ग्लागोलिती लिपीतले आकडे

नमस्कार श्रोतेहो. स्लाव्ह भाषांची सर्वांत जुनी लिपी म्हणजे ग्लागोलिती. सन 862 च्या सुमारास मोराव्हियाचा राजा रास्तिस्लाव्ह याने बायझंटाईन सम्राट तिसरा मायकेल याच्याकडे लोकांच्या बोलीत धर्म शिकवणारे गुरू मागितले. कामगिरी मिळाली थेस्सालोनिकीच्या दोघा भावांना, कॉन्स्टंटाइन आणि मेथोडियस यांना. त्यासाठी लिपी कॉन्स्टंटाइनने बसवली. मरणापूर्वी संन्यास घेताना त्याने सिरिल हे नाव घेतले. सिरिलिक लिपीला त्याचे नाव असले, तरी ती त्याच्या पश्चात बल्गेरियात घडली.

या लिपीत आकडेही अक्षरांनीच लिहितात. अक्षराच्या दोन्ही बाजूंना ठिपके, वर एक रेघ, की झाला आकडा. पण सिरिलिकमध्ये तेच अक्षर वेगळ्या किमतीचे असते, आणि खरी गोम तिथेच आहे. ग्लागोलितीत किमती वर्णक्रमाने चढतात: अ म्हणजे 1, ब म्हणजे 2, व म्हणजे 3, ग म्हणजे 4. सिरिलिकने ग्रीक रीत उचलली. त्या काळच्या ग्रीकमध्ये 'ब' या उच्चाराचे अक्षर नव्हते, म्हणून सिरिलिकमध्ये त्याला किंमतच नाही. 'व' झाला 2, 'ग' झाला 3.

आता एखादा नकलनवीस ग्लागोलिती पोथी सिरिलिकमध्ये उतरवतोय असे समजा. मूळात 'क' आणि 'व' शेजारी आहेत. 'क' चे 40, 'व' चे 3, मिळून 43. त्याने अक्षरे जशीच्या तशी उतरवली, तर सिरिलिक वाचणारा 'क' चे 20 आणि 'व' चे 2 धरून 22 वाचतो. अक्षर बरोबर, आकडा चूक! 'ब' आला तर निदान शंका येते, 'व' मात्र गुपचूप फसवतो.

अभ्यासकांना ही चूक फार मोलाची वाटते, आणि ते योग्यच आहे. सिरिलिक पोथीत एखादा आकडा संदर्भाशी जुळत नसेल, तर तेच अक्षर ग्लागोलितीच्या हिशेबाने वाचून पाहावे. तसा तो जुळला, तर मूळ प्रत ग्लागोलिती होती असा तर्क करता येतो. एकाच आकड्यावर निष्कर्ष काढू नये, असे दोन-चार तरी सापडावेत. र, स आणि त मात्र दोन्ही लिप्यांत 100, 200, 300 असेच आहेत. त्यामुळे या तीन शेकड्यांच्या जागी ही खूण शोधण्यात अर्थ नाही. एकम आणि दहम तपासावेत.