मागच्या बाजूचं गाणं

[पडदा काळा. फक्त खरखर ऐकू येते. मग फिरणारी तबकडी, अगदी जवळून.]

गाणं सुरू होण्याआधीची ही खरखर. गिरगाव, लालबाग, दादरच्या चाळींत जे वाढले, त्यांना जुनी गाणी आठवतात ती हिच्यासकट. आज मोबाइलवर तेच गाणं स्वच्छ करून लावलं, तरी कान आधी क्षणभर हिची वाट बघतो.

हिशोब साधा होता. दहा इंची तबकडी, मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. त्यामुळे रेकॉर्ड विकत घेतली की घरात दोन गाणी यायची. एक, ज्याच्यासाठी पैसे साठवले ते. दुसरं मागच्या बाजूचं, न मागता आलेलं.

आमच्याकडे बाबांनी एका भावगीतासाठी रेकॉर्ड आणली होती. आकाशवाणीवर ‘आपली आवड’मध्ये ते गाणं लागलं की दाढी करता करता त्यांचा हात थांबायचा. रेकॉर्ड आली आणि सुरुवातीला तीच बाजू वाजत राहिली. दुसरी लावायचं कुणी नावही काढलं नाही. मग एका दुपारी, बाबा ऑफिसात असताना, आईने ती उलटली. मागे त्याच गायिकेची एक अंगाई होती. रेडिओवर ती आमच्यापैकी कुणीच ऐकलेली नव्हती. निवडायला घेतलेलं तांदळाचं ताट मांडीवर तसंच ठेवून आई ऐकत राहिली. संपली, की सुई पुन्हा सुरुवातीला. पुढे ती बाजू आमच्या घरात इतकी वाजली की तिच्या खाचा पांढुरक्या पडल्या. बाबांच्या गाण्याची बाजू मात्र काळीभोर, चकचकीत राहिली. बाबांनी कधी तक्रार केली नाही. संध्याकाळी घरी आल्यावर तेच आईला म्हणायचे, “तुझं लाव.”

[दृश्य: चावीचा ग्रामोफोन. एक हात चावी देतो आहे. शेजारी पत्र्याच्या डबीत सुया.]

हा आमचा नाही, पण आमचा फोनो अगदी असाच होता. चावी फिरवली की आतली स्प्रिंग घट्ट व्हायची. चावी कमी पडली तर शेवटच्या कडव्यात गाणं जड होत जायचं, बाईचा आवाज पुरुषासारखा व्हायचा, आणि कुणीतरी धावत जाऊन चावी द्यायचं. सुया पोलादाच्या. एका बाजूला एक सुई, गाणं संपलं की ती टाकायची, असं डबीवर लिहिलेलं असे. त्याला कारण होतं. रेकॉर्डच्या लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली असे. त्या पुडीवर घासून सुई पहिल्या काही फेऱ्यांतच खाचेच्या मापाची होई, आणि पुढे झिजतच जाई. घराघरांत मात्र एकच सुई कितीतरी गाण्यांना चालवली जायची. म्हणून तर खाचा पांढऱ्या पडायच्या.

लाख म्हणजे तीच, बांगड्यांची. छोटा नागपूरच्या जंगलांत पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे ती तयार करतात. जगभरात निघणाऱ्या ७८ च्या तबकड्यांसाठी बरीचशी लाख आपल्याकडूनच जात असे.

आणि रेकॉर्डचा प्रवास पाहा. सिनेमाचं गाणं ध्वनिमुद्रित व्हायचं ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये, म्हणजे गिरगावातल्या आमच्या चाळीपासून चालत जाता येईल इतकं जवळ. तबकडी छापली जायची कलकत्त्याजवळ, दमदमच्या कारखान्यात. तिथून सगळा देश ओलांडून ती परत मुंबईत यायची, तेव्हा कुठे आमच्या हातात पडायची. त्याहीआधी तर मूळ मुद्रण बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जात असे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि गायिका गौहर जान यांचं गाणं त्याने मुद्रित केलं. त्या तबकड्यांत गाणं संपताना गौहर जान स्वतःचं नाव मोठ्याने सांगतात. तिकडच्या कारागिरांना लेबलावर कुणाचं नाव छापायचं ते कळावं, एवढ्यासाठी.

मुंबईनेही या धंद्यात हात घातला होता. १९३० च्या दशकात इथून ‘यंग इंडिया’ या नावाने रेकॉर्ड निघू लागल्या. त्यांची लेबलं आज संग्राहक फार जपतात.

[दृश्य: ७८ च्या रेकॉर्डची गोल लेबलं, एकामागून एक.]

मराठी भावगीताला या तबकडीने घडवलं, असं मला ठामपणे वाटतं. जी. एन. जोशी वकिली शिकलेले. त्यांनी कवितेला चाल लावून ती तीन मिनिटांत गायली, आणि पुढे ते मुंबईत एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत ध्वनिमुद्रणाचेच अधिकारी झाले. कवितेची सगळी कडवी मावणार नाहीत, मग कोणती ठेवायची? सुरुवातीचा वाद्यमेळ किती लांबवायचा? हे प्रश्न तबकडीने विचारले, आणि त्यांची उत्तरं शोधता शोधता आपल्या गाण्याला तो आटोपशीरपणा आला. गजाननराव वाटवे, माणिक वर्मा, मालती पांडे ही मंडळी त्याच मापात गायली, आणि त्या मापात त्यांना अपुरं असं काही वाटलं असेल, हे त्यांचं गाणं ऐकून तरी पटत नाही.

ख्यालगायकांची कसोटी अधिक कठीण. तासभर चालणारा राग त्याच तीन मिनिटांत बसवायचा. केसरबाई केरकरांना ध्वनिमुद्रणाची फारशी ओढ नव्हती. तरी त्यांनी गायलेली साडेतीन मिनिटांची एक भैरवी आहे. १९७७ साली अमेरिकेने अंतराळात दोन व्हॉयेजर यानं पाठवली, तेव्हा त्यांच्यासोबत पृथ्वीवरचे आवाज भरलेली एकेक तबकडी दिली. तांब्याची, वर सोन्याचा मुलामा. तिच्यात ही भैरवी आहे. सोबत सुई आहे, आणि सुई कशी टेकवायची याचं चित्रही. दुसरं यान सुटलं ५ सप्टेंबरला. केसरबाई मुंबईत गेल्या त्या १६ सप्टेंबरला. मुंबईतल्या कितीजणांना हे ठाऊक असेल?

[दृश्य: चाळीची गॅलरी. वाळत घातलेले कपडे, उघडी दारं.]

आता चाळ. आमच्या मजल्यावर फोनो फक्त दोन घरांत होते, पण ऐकायला सगळा मजला असायचा. दारं उघडीच. गॅलरीच्या त्या टोकाला जोशीकाका रविवारी सकाळी नाट्यसंगीत लावत. त्यातलं काही आम्हा मुलांना नको असायचं, पण सांगणार कुणाला? कठड्याला टेकून क्रिकेटच्या गप्पा मारताना ते कानावर पडत राहायचं. कॉलेजात गेल्यावर एकदा बालगंधर्वांचं पद कुणीतरी लावलं आणि माझ्या लक्षात आलं, की मला ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत येतंय. कधी शिकलो? शिकलो नाहीच. ते जोशीकाकांचं गाणं होतं. खालच्या मजल्यावरची मुलं हिंदी सिनेमाची गाणी लावत. कव्वाली लांब असली की एका बाजूला पहिला भाग आणि मागे दुसरा. रंगात आलेली कव्वाली मध्येच तुटायची, आणि रेकॉर्ड उलटेपर्यंत सगळा मजला थांबून राहायचा.

गिरगावातच, पलीकडे खोताच्या वाडीत, संध्याकाळी कुणीतरी व्हायोलिनचा रियाज करत असे. धोबीतलावच्या बाजूला तर गोव्याच्या वादकांची वस्तीच होती. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट अशा गोव्याच्या माणसांनी हिंदी गाण्यांचा वाद्यमेळ उभा केला. लेबलावर गायकाचं नाव असे, संगीतकाराचं असे. वादकांचं नसे. ज्यांचं व्हायोलिन रस्त्यावरून जाताना ऐकलं, त्यांचंच आमच्या घरातल्या रेकॉर्डमध्येही असेल, हा विचार मला फार उशिरा सुचला. आता जुनं गाणं लागलं की मी आधी व्हायोलिनकडे कान देतो.

आणि कोकण! गणपतीला चाकरमानी गावी निघाला की ट्रंक, पेढ्यांचा पुडा आणि फोनो. भाऊच्या धक्क्यावरून बोट, नाहीतर एसटी. रेकॉर्ड फुटू नयेत म्हणून त्या नऊवारीच्या घडीत ठेवायच्या आणि ते बोचकं मांडीवर घेऊन बसायचं. गावात वीज नव्हती. चावीच्या फोनोला ती लागत नव्हती. आमच्या पडवीत त्या पाच दिवसांत मुंबईची गाणी वाजायची, आणि अर्ध्या वाडीची माणसं अंगणात येऊन बसायची. तिकडे पसंती कशाला मिळेल ते सांगता यायचं नाही. मुंबईत कुणी विचारत नसे असं मागच्या बाजूचं एखादं गाणं गावाला आवडायचं, आणि परत येताना आजी बजावायची, “पुढच्या साली ता आण हां, विसरू नको.”

वीज नसलेल्या अशाच गावांमुळे आपल्याकडे ७८ च्या तबकड्या साहेबाच्या देशापेक्षा जास्त काळ निघत राहिल्या. तिकडे त्या बंद झाल्या, आणि इथे साठच्या दशकात बीटल्सची गाणीसुद्धा लाखेच्या तबकडीवर छापली गेली. ती आज जगभरचे संग्राहक शोधत फिरतात.

[दृश्य: एचएमव्ही फिएस्टा. एलपीची मोठी कव्हरं.]

मग विजेवरचे रेकॉर्ड प्लेयर आले. फिलिप्सचे आले, एचएमव्हीचा फिएस्टा आला. सात इंची ईपीवर चार गाणी, बारा इंची एलपीवर एका बाजूला वीस मिनिटं. कव्हर हातात धरून मागचा मजकूर वाचत ऐकायचं, हा एक नवाच आनंद होता. १९७४ साली शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली, त्या वेळची ‘शिवकल्याण राजा’ ही शिवरायांवरच्या गीतांची एलपी आमच्याकडे सलग ऐकली जायची. सावरकरांसाठी लावली तरी वाटेत भूषण भेटायचा, रामदास भेटायचे, कुसुमाग्रज भेटायचे. एलपीवर सुई उचलून मधलं गाणं गाठता येत होतं, पण हात थरथरला तर चरा पडणार, या भीतीने कुणी उचलत नसे. बाकी मंडपातल्या कर्ण्यावर त्याच सुमाराला ‘शोले’ची रेकॉर्ड लागायची, ती गाण्यांची नव्हे, संवादांची. पॉलिडॉरने काढलेली. सगळी गल्ली गब्बरच्या आधी त्याची वाक्यं म्हणून टाकायची.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. तिच्याबद्दल मला प्रेम आहेच. पण तेव्हा गल्लोगल्ली कॅसेट भरून देणारी दुकानं निघाली. गाण्यांची यादी लिहून द्यायची, दुकानदार आपल्याकडच्या रेकॉर्डवरून कोरी कॅसेट भरून द्यायचा. यादीत आपण काय लिहिणार? माहीत असलेलं, आवडतं तेच. मागच्या बाजूची गाणी त्या यादीत आली नाहीत. पुढे सीडी निघाल्या त्याही गाजलेल्या गाण्यांच्या. आईची ती अंगाई मी कॅसेटवर शोधली, सीडीवर शोधली, आता फोनवर शोधतो. मिळत नाही. ती आहे फक्त त्या तबकडीवर. आणि अशा तबकड्या चाळी पाडून टॉवर उभे राहताना भंगारात गेल्या, किलोच्या भावाने.

[दृश्य: चोरबाजार, मटण स्ट्रीट. रेकॉर्डचे ढीग.]

काही वाचल्या. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर अजून मिळतात. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ साली बंद झालं, तेव्हा कितीतरी जण शेवटचं एकदा जाऊन आले. मुंबईतच १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था सुरू झाली. डॉ. सुरेश चांदवणकरांसारख्या माणसांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षं खपून जुन्या तबकड्यांची नोंद केली, लोकांना बोलावून त्या ऐकवल्या. या माणसांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. गाजलेलं गाणं कुणीही जपतं. यांनी न गाजलेलंही जपलं.

[दृश्य: माळ्यावरून उतरवलेली, धुळीने माखलेली पेटी.]

तुमच्या घरीही माळ्यावर अशी पेटी असेल तर ती उतरवा. रेकॉर्ड एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा, उन्हापासून लांब. ७८ ची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नका, स्पिरिटमध्ये लाख विरघळते. मऊ कापड, जेमतेम ओलं, आणि लेबलाला पाणी लागू द्यायचं नाही. नव्या प्लेयरवर लावणार असाल तर ७८ ची वेगळी, जाड टोकाची सुई मागून घ्या. एलपीच्या सुईने ती नीट वाजत नाही. आणि घरात कुणी आजी-आजोबा असतील तर त्यांना शेजारी बसवून विचारा, ही कुणी आणली, कुठून आणली, कुणाला आवडायची. पेन्सिलीने पाकिटावर लिहून ठेवा. विचाराल ते दोन्ही बाजूंबद्दल विचारा.