काचेमागची गाणी

...आता जुन्या तबकड्यांच्या अल्बमकडे येतो. अमेरिकेतल्या एका संग्रहालयात मी तो पाहिला. जाड पुठ्ठ्याची बांधणी, आत कागदी पाकिटं आणि प्रत्येक पाकिटात मिनिटाला 78 फेऱ्यांची एकेक तबकडी. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली गॉस्पेल गीतं. खाली कंपनी, वर्ष, देणगीदार, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. आवाज तेवढा कुठेच नाही! विचारलं तर उत्तर मिळालं, "वस्तू नाजूक आहे." पेटी मांडून ठेवायची आणि भाता हलवूच द्यायचा नाही, असा हा प्रकार. मला त्याचा राग आला, तो आजही आहे.

त्यात गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सन यांचं 'मूव्ह ऑन अप अ लिटल हायर' होतं, 1947 सालचं ध्वनिमुद्रण. एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत, म्हणून हे गाणं दोन्ही बाजूंना वाटून घातलेलं. बाई रंगात आल्या की घरातल्या कुणीतरी उठायचं, तबकडी उलटायची. काचेतूनही दिसत होतं, पहिली बाजू करडी पडली होती. जड पिनेनं खोबण झिजली की ती अशी करडी दिसते. किती वेळा ऐकलं असेल त्या घरानं!

आणि ही तबकडी कशाची, सांगा बरं? लाखेची! लाख, दगडाची पूड आणि काजळी. ती लाख बरीचशी आपल्याकडची, छोटा नागपूरच्या जंगलातली, पळस-कुसुमाच्या फांद्यांवरून आदिवासींनी खरवडलेली. 1942 मध्ये युद्धामुळे पुरवठा धोक्यात आला, तेव्हा अमेरिकन सरकारनं रेकॉर्डसाठीच्या लाखेत 70 टक्के कपात केली. जुन्या तबकड्या गोळा करून, दळून पुन्हा वापरल्या. त्या दळणात काय काय गेलं असेल, या विचारानं मला अजून हळहळ वाटते.

थोडं मागे जाऊ. 1871 मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाचे विद्यार्थी-गायक, म्हणजे जुबिली सिंगर्स, संस्थेसाठी पैसे उभे करायला निघाले. त्यांतले बहुतेक गुलामगिरीतून सुटलेले. आईबापांची भक्तिगीतं गाऊन त्यांनी जुबिली हॉल उभा केला. 1873 मध्ये ते इंग्लंडात राणी व्हिक्टोरियापुढे गायले. त्याच साली पुण्यात जोतीरावांनी 'गुलामगिरी' छापली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केली. दोन्ही गोष्टी आपण एका दमात कधी सांगत नाही. सांगायला हव्यात.

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरली आहेत. म्हणजे मुख्य मुद्दा घाईत. फिस्कच्या चौकडीनं 1909 मध्ये व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी गायलेली गाणी आता मुक्त आहेत. 1923 पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांवरचे हक्क अमेरिकेत 1 जानेवारी 2022 ला संपले. ती दालनात लावायला कायद्याची आडकाठी नाही. नंतरच्यांपैकी ज्यांचे हक्क अजून शिल्लक आहेत, त्यांच्यासाठी परवानगी मागावी. नाजूकपणाचंही कारण टिकत नाही: अमेरिकेतल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञ कार्ल हेबर यांनी पिनेचा स्पर्शही न करता, खोबणींची छायाचित्रं घेऊन आवाज काढायची पद्धत बसवली आहे. आवाज काढताना खरखर साफ पुसू नये, आणि नोंदवहीत कुठली बाजू किती झिजली हेही लिहावं. ऐकणाऱ्यांचा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर अशा तबकड्या असतील, तर उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. आणि स्पिरिटनं पुसू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते.