घाण्याजवळ बसलेलं माणूस

नमस्कार मंडळी, आणि इथे जी आपली ख्रिस्ती कुटुंबं आहेत त्यांना जय ख्रिस्त. मी मुंबईची, माझगावची, आयुष्यभर म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवलं, सध्या इथे परदेशात लेकीकडे आलेय. तुमच्या मंडळाच्या सेक्रेटरींनी फोन करून म्हटलं की ताई, तुम्ही पवित्र भूमीला, म्हणजे येशूच्या जन्मभूमीला, जाऊन आलात तर त्यावर बोला, फोटो पण दाखवा. फोटो नंतर चहाच्या वेळी दाखवते. पण सगळा प्रवास सांगत बसले तर जेवणं थंड होतील, म्हणून एकाच बागेबद्दल बोलणार आहे.

2019 च्या फेब्रुवारीत आमच्या चर्चमधून आम्ही बावीस जण गेलो. टूर नव्हती ती, अभ्याससहल होती, म्हणजे दिवसा जागा बघायची आणि रात्री जेवणानंतर पाळकसाहेब बायबल उघडून तासभर बसवायचे, पाय कितीही दुखत असले तरी. बेथलेहेमच्या चर्चचं दार जेमतेम चार फुटांचं आहे, वाकल्याशिवाय आत जाताच येत नाही. गालील समुद्र म्हणतात ते खरं तर गोड्या पाण्याचं तळं, लांबी 21 किलोमीटर. हे सगळं बघून मन भरतं, पण मला जे मिळालं ते यरुशलेमजवळ, गेथशेमाने बागेत.

शहराच्या तटाबाहेर किद्रोनचा ओहोळ ओलांडला की जैतुनांच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, डोंगराच्या पायथ्याशी ही बाग. आठ जुनी झाडं, खोडं अशी पिळवटलेली की वाटतं आत काहीतरी वळत गेलंय. यातल्या तिघांच्या लाकडाची तपासणी झाली होती, 2012 मध्ये निकाल आला की ती बाराव्या शतकाच्या आसपासची आहेत. म्हणजे प्रभू येशूच्या वेळची नाहीत. आमच्यातले काही जण हिरमुसले, मी नाही झाले. झाडं बघायला थोडीच गेलो होतो.

गेथशेमाने म्हणजे तेलाचा घाणा. जैतुनाची फळं आधी दगडी जात्याखाली चिरडायची, तो लगदा विणलेल्या टोपल्यांत भरून एकावर एक रचायच्या आणि वरून लाकडी तुळईला दगड टांगून दाब द्यायचा, मग तेल गळतं. क्रुसावर जाण्याआधीच्या शेवटच्या रात्री येशू तिथेच आला, पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना म्हणाला जीव फार कासावीस झालाय, इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. तीनदा येऊन बघितलं, तिन्ही वेळा ते झोपलेले. लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकलेली गोष्ट, आणि मी नेहमी त्या तिघांवर रागावायचे.

परतीच्या आधी इस्राएलमधल्या रामला शहरात एका बेने इस्रायली कुटुंबाने जेवायला बोलावलं. आपल्या अलिबाग-रेवदंड्याकडचे ज्यू हो, गावात यांना शनवार तेली म्हणायचे, कारण धंदा तेलाचा आणि शनिवारी घाणा बंद. मुंबईत मांडवीला यांचं 1796 मध्ये स्थापन झालेलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, अजून आहे. तर त्या घरातल्या आजी, ऐंशीच्या पुढच्या, अस्सल कोकणी मराठी, मी म्हटलं आम्ही गेथशेमानेला जाऊन आलो तर म्हणाल्या, "घाण्याचं आम्हाला विचार ना बाय!" आजोबांचा बैलाचा घाणा त्यांनी पाहिलेला. म्हणाल्या बैल फिरतो तो फिरतो, पण कोणीतरी जवळ बसायलाच लागतं, तीळ हाताने सारखे आत लोटायचे, मधेच पाण्याचा शिंतोडा द्यायचा, डुलकी लागली की घाणी फुकट. "तेल काही त्या माणसामुळे येत नाही गं, पण त्याला उठून जाता येत नाही."

मंडळी, मी जेवता जेवता थांबले.

कारण मला आमच्या बिल्डिंगमधल्या काकू आठवल्या. त्यांचा मुलगा असाच बाहेर, तुमच्यासारखा. एकदा काकू खूप आजारी पडल्या, मुलाला तिकीट मिळेपर्यंत चार दिवस लागणार होते, तो रात्री फोनवर रडत म्हणाला ताई, आईजवळ बसाल का. मी हो म्हटलं, प्रार्थना करून गेले, खुर्ची ओढून बसले. आणि झोपले. साडेपाचला भोंगा नाही, गजर नाही, दुधवाल्याच्या बेलने जाग आली तर माझ्या अंगावर काकूंची शाल आणि काकू टक्क जाग्या. रात्रभर पाणी सुद्धा मागितलं नव्हतं त्यांनी. ते मला कित्येक वर्षं टोचत होतं, कोणाला बोलले नव्हते, पाळकसाहेबांनाही नाही.

मुंबईत परतल्यावर तिथून आणलेली जैतुनाच्या तेलाची छोटी बाटली घेऊन काकूंकडे गेले. त्यांनी विचारलं काय काय बघितलंस, मी बाग सांगितली, आणि ती रात्र पण सांगितली, दोन्ही रात्री. काकू देव्हाऱ्यात निरंजन लावत होत्या. म्हणाल्या, "मग झोपलेल्यांना तो काय म्हणाला?"

मी म्हटलं, म्हणाला यांचं मन तयार आहे, पण देह अशक्त आहे.

"मग तेच तर," काकू म्हणाल्या. "तू दिवसभर शाळेत उभी राहून आली होतीस."