पाच नंबरचा रंधा

पुण्याच्या जुन्या बाजारात पाने, कुलपे आणि सायकलच्या साखळ्या यांच्या ढिगात लाकूड तासायचा हा रंधा पडलेला होता. पाते गंजून जागच्या जागी बसले होते, मुठीवर रंगाचे शिंतोडे होते आणि विकणाऱ्याने तो भंगाराच्या भावाने वजन करून दिला. घरी आणून रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने त्याच्या पोटातली मळी काढली, तेव्हा बिडाच्या अंगावरची ओतीव अक्षरे वर आली. ‘बेली’ हे नाव, पाच हा क्रमांक आणि पात्याच्या आधारामागे तीन तारखा: २५ मार्च १९०२, १९ ऑगस्ट १९०२, १९ एप्रिल १९१०. या पेटंटच्या तारखा आहेत. म्हणजे हा रंधा १९१० च्या आधीचा नाही.

लेनर्ड बेली हे अमेरिकेतील बोस्टनचे कारागीर. त्यांच्या पेटंटचे हक्क १८६९ मध्ये अवजारे बनवणाऱ्या स्टॅन्ली कंपनीने विकत घेतले. आपल्याकडच्या लाकडी रंध्यात पाते पाचरीने धरलेले असते. पाते पुढे घ्यायचे तर त्याच्या डोक्यावर आणि मागे घ्यायचे तर रंध्याच्या मागच्या टोकावर हातोडी मारावी लागते. किती जोराने, हे सुताराचा हातच जाणतो. बेलींच्या रंध्यात तेच काम मुठीपुढची पितळी चकती फिरवून होते.

खोलण्याआधी तडा आहे का ते पाहावे, विशेषतः पाते बाहेर येते त्या फटीच्या कोपऱ्यांत, कारण तडकलेल्या बिडावर मेहनत घालून उपयोग नसतो. स्क्रूंना रात्रभर तेल सोडून ठेवले आणि खाचेत नेमका बसणारा पेचकस वापरला. येथे घाई अजिबात चालत नाही. या स्क्रूंचे आटे नेहमीच्या मापांचे नाहीत, त्यामुळे एखादे डोके तुटले तर हार्डवेअरच्या दुकानात त्याचा जोड मिळत नाही.

गंजासाठी लिंबाचे फूल पाण्यात विरघळवून त्यात पोलादी भाग काही तास बुडवले; नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, लगेच कोरडे करून तेल लावले. अनेक जण याच वेळी बफ मारून सगळे अंग आरशासारखे करतात. मला ते पटत नाही. बफमुळे कडा गोल होतात, ओतीव अक्षरे पुसट होतात आणि लाकूड तासण्याच्या कामात काडीचाही फरक पडत नाही.

फरक पडतो तो तळामुळे. जाड काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला, तळावर मार्करने आडव्यातिडव्या रेघा ओढल्या आणि रंधा त्यावर घासला. पाते आत ओढलेले, पण नेहमीच्या दाबाने घट्ट आवळलेले ठेवले, कारण त्या ताणाने बिडाचे अंग किंचित वाकते आणि काम करताना ते तसेच वाकलेले असणार आहे. काही फेऱ्यांनंतर शाई फक्त मध्यभागाच्या मागे एका पट्ट्यात उरली. तेथे थोडा खोलगटपणा आहे आणि तो तसाच ठेवला. पुढचे टोक, फटीच्या लगेच पुढची कड आणि मागचे टोक एका पातळीत आले की पुरे.

पात्याची पाठ मात्र धारेजवळ पूर्ण सपाट हवी. गंजाने पाडलेला सुईच्या टोकाएवढा खड्डा धारेवर राहिला तरी तासलेल्या फळीवर एक बारीक उभी रेघ उमटत राहते. ते खड्डे धारेच्या अगदी जवळ होते, म्हणून धार घासून सुमारे दोन मिलिमीटर मागे न्यावी लागली. सहाणेच्या चाकावर पाते घासताना ते दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवले. धार निळी पडली तर पोलादाचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरते आणि तेवढा भाग वाया जातो. २५ अंशांचा उतार चाकावर काढला आणि शेवटची धार पथरीवर ३० अंशांवर लावली.

मूठ रोझवुडची आहे, आपल्या शिसवीच्याच जातकुळीतली. रंगाचे शिंतोडे पटाशीच्या पाठीने अलगद सोडवले आणि जवसाच्या तेलाचा एक हात दिला. अंगठा जेथे टेकतो तेथे लाकूड आधीच गुळगुळीत झिजलेले आहे. त्या जागेला पॉलिश पेपर लावला नाही.

आता सागवानाची फळी. पहिल्या हाताला ढलपी एकाच बाजूने, अर्ध्या रुंदीची निघाली. पाते किंचित तिरके होते. पाते सरळ करणारा मागचा दांडा केसभर सरकवला, चकती पाव फेरा मागे घेतली आणि पुन्हा रंधा चालवला. पाते दोन इंची आहे. या वेळी ढलपी पूर्ण दोन इंच रुंद, न तुटता, फळीच्या टोकापर्यंत आली.