वजन किराण्याच्या यादीत वाढतं

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या सभागृहात एका फॅमिली डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार मंडळी. येताना घरची महिन्याची किराण्याची यादी घेऊन या, असं निमंत्रणात मुद्दाम लिहायला लावलं होतं. काहींनी खरंच वहीचं पान आणलंय, बऱ्याच जणांच्या मोबाइलमध्ये बिलाचा फोटो आहे, आणि मागच्या रांगेतले दोन-तीन काका म्हणताहेत, 'ते सगळं हिला माहीत.' तर या 'हिला माहीत' असलेल्या यादीवरच आज बोलायचंय.

वजनावर बोलायला डॉक्टर आले की लोकांना वाटतं, आता वडापाव बंद करायला सांगणार. वडापाव तुम्ही आठवड्यातून एकदा खात असाल, फार तर दोनदा. तेल, साखर, तांदूळ आणि डाळ मात्र रोज पोटात जातात, आणि ते किती जाणार हे महिन्याच्या सुरुवातीला दुकानातच ठरून गेलेलं असतं. मग महिनाभर आपण मनाच्या निग्रहाच्या गप्पा मारतो.

तेलापासून सुरुवात करू. चार माणसांचं घर आणि महिन्याला पाच लिटरचा कॅन, कोणाकोणाकडे? बघा, अर्ध्याहून जास्त हात वर आले. पाच लिटर तेल वजनाने साधारण साडेचार किलो भरतं. 30 दिवस, चार माणसं, म्हणजे माणशी रोज 38 ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात 2000 कॅलरींच्या दिवसाला किती काय खावं याचा नमुना दिलाय, आणि त्यात तेल-तूप आहे सुमारे 27 ग्रॅम. आपण रोज 11 ग्रॅम वर चाललो, म्हणजे 100 कॅलरी. एवढ्याशा 100 कॅलरींनी काय होतं? एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी साठतात. कागदावर हिशेब मांडला तर वर्षाला पावणेपाच किलो. प्रत्यक्षात इतकं वाढत नाही, कारण वजन वाढलं की शरीराचा खर्चही वाढतो आणि काटा कुठेतरी जाऊन थांबतो. पण 'मी तर काहीच खात नाही, तरी दरवर्षी किलो-दीड किलो वाढतंच,' असं ज्या वहिनी म्हणतात, त्या खोटं बोलत नसतात. त्या मोजतात ताटातल्या पोळ्या. कढईतलं तेल कोणी मोजत नाही.

शिवाय यात बाहेरचं तेल धरलेलंच नाही. फरसाण, वेफर्स, चहाबरोबरची खारी, पोळीभाजी केंद्रातून आणलेली भाजी. पोळीभाजी केंद्रांनी ठाण्यातल्या कितीतरी घरांना हात दिलाय, नोकरी करणाऱ्या बायकांचा जीव वाचवलाय, त्यांना नावं ठेवायला मी आलेले नाही. पण ती भाजी घरी आणल्यावर पातेल्यात काढा, पातेलं थोडं कलतं ठेवा आणि पाच मिनिटांनी बघा. वरचं तेल चमच्याने काढून टाकलं तर चवीत काही फरक पडत नाही.

आता डाळ. याच नमुन्यात डाळी-कडधान्यं आहेत माणशी रोज 85 ग्रॅम. कच्ची. तूर, मूग, मटकी, चवळी, छोले, पिठल्याचं बेसन, सगळं धरून. चार माणसांना महिन्याला किती झालं? 10 किलो. तुमच्या यादीत किती आहे? तीन? चार? आपल्याकडे घरटी हेच दिसतं. वरण-भात रोज असतो म्हणून आपल्याला वाटतं डाळ भरपूर जाते. त्या पातळ वरणाच्या वाटीत डाळ मूठभरसुद्धा नसते. चेंदणी कोळीवाड्यातली मंडळी इथे असतील तर त्यांनी मासळी धरावी, अंडी खाणाऱ्यांनी अंडी धरावीत, त्यांची डाळ तेवढी कमी चालेल. शुद्ध शाकाहारी घरांनी मात्र यादीत हाच आकडा आधी वाढवायचा. वजन कमी करायला आलेल्या माणसाला मी सुरुवातीलाच काही कमी करायला सांगत नाही, उसळ वाढवायला सांगते. मोड आलेल्या मटकीची, वालाच्या बिरड्याची मोठी वाटी पोटात गेली की तिसरी पोळी आपोआप मागे राहते. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं वाटतं, आणि वय वाढेल तसे स्नायू झडतात तेही थोडे टिकतात.

भाजीचा आकडा ऐकून तर तुम्ही हसाल. माणशी 400 ग्रॅम. चौघांना रोज दीड किलोच्या वर. मी बटाट्याला या हिशेबात भाजी मानत नाही, तेव्हा बटाट्याची गोणी दाखवू नका. जांभळी नाक्यावरून पाव किलो भेंडी आणून चौघांत भागवायची आणि त्यावर प्रत्येकी चार पोळ्या, हे आपलं नेहमीचं जेवण. पावसाळ्यात शहापूर-मुरबाडकडच्या, येऊरच्या बायका रस्त्याकडेला टाकळा, कुर्डू, फोडशी, कर्टोली घेऊन बसतात. जुन्या ठाणेकरांच्या घरी शेवळं व्हायची, काकडं, म्हणजे आंबट रानफळं घालून, घशाला खाज सुटू नये म्हणून. त्या दिवसांत भाजी पातेलंभर व्हायची. आता सुनेला निवडायला वेळ नाही आणि सासूचे गुडघे दुखतात. मग कोशिंबीर करा, काकडी-गाजर नुसतं चिरून ताटात ठेवा. त्याला फोडणीचं तेलही लागत नाही.

साखरेचं थोडक्यात सांगते. या सूचनांत दिवसाला वरून घातलेली साखर 25 ग्रॅमपर्यंतच ठेवायला सांगितलीय. एका चहात दोन चमचे आणि दिवसाला चार चहा, एवढ्यातच ती मर्यादा ओलांडली. गूळ घातला तरी हिशेब तोच, गुळाला वेगळी सवलत नाही.

आता कोणी म्हणेल, मी तर बारीक आहे, मला याच्याशी काय. त्यांच्यासाठी पुण्यातली गोष्ट सांगते. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन, या दोघांचा एकत्र फोटो 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. आणि शरीरातली चरबी? युडकिन यांची 9.1 टक्के, आपल्या याज्ञिकांची 21.2 टक्के. काटा दोघांना एकाच मापाने तोलतो, आत फरक दुपटीहून जास्त. आपली मुलं जन्मतःच वजनाला कमी पण चरबीला जास्त असतात, हेही याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत दाखवलं. म्हणून आपल्यासाठी निकष कडक आहेत. पाश्चात्त्यांना बीएमआय 25 पर्यंत ठीक, आपल्याला 23 पासून सावध. आणि त्याहून सोपं माप कमरेचं: पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80. पँटचा नंबर सांगू नका, पँट पोटाखाली सरकवता येते. टेप खालच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता.

2023 मध्ये आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मोठ्या पाहणीतून आकडा आला, देशात मधुमेहाचे 10 कोटींहून जास्त लोक आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे 13 कोटींहून जास्त. यातले पुष्कळ जण दिसायला जाडे नाहीत. हातपाय काड्या आणि पोट तेवढं पुढे, अशी माणसं ठाणे स्टेशनच्या कुठल्याही प्लॅटफॉर्मवर उभी दिसतात.

स्टेशनचा विषय निघालाच तर वेळापत्रकाकडे येऊ. सकाळी आठच्या आसपासची फास्ट, दुपारी एकला डबा, पाचला चहा-बिस्किट, साडेआठ-नऊला घरी. डब्यानंतर आठ तास पोटात धड काही नाही. घरात शिरल्या शिरल्या माणूस बूट काढायच्या आधी फरसाणाचा डबा उघडतो, उभ्या उभ्या चार मुठी खातो, आणि मग दहाला पोटभर जेवून अकराला आडवा होतो. याला मी खादाडपणा म्हणत नाही, ही भूक आहे आणि ती चुकीच्या वेळी गाठते. उपाय साधा आहे. सहाच्या सुमारास, ऑफिसातून निघताना, मूठभर भाजलेले चणे-शेंगदाणे, एखादं फळ, चालत असेल तर उकडलेलं अंडं. घरी आल्यावर फरसाणाचा डबा मग तितका जवळचा वाटत नाही. तो डबा घरात असतोच का, हा प्रश्न पुन्हा यादीकडे जातो.

आणि घरातल्या बाईचं वेळापत्रक कोणी लिहून काढत नाही. सगळ्यांचं वाढून झाल्यावर ती बसते. मुलाने टाकलेली अर्धी पोळी, कुकरमधला तळाचा भात, 'वाया कशाला घालवायचा' म्हणून तिच्या पोटात. भाजी तोवर संपलेली असते. तेव्हा तिच्या वाट्याला उरतं ते पीठ आणि तेल. मला विचाराल तर ठाण्यातल्या पन्नाशीच्या बायकांच्या वजनाचं मोठं कारण हे उरलेलं अन्न आहे. तांदूळ अर्धी वाटी कमी लावा आणि सगळे एका वेळी जेवायला बसा. दुसरं जमणं अवघड आहे, मला माहीत आहे. तांदूळ तरी कमी लावा.

उपासाचं बोललंच पाहिजे. एकादशी दुप्पट खाशी, हे आपल्या पूर्वजांनीच म्हणून ठेवलंय. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा जवळजवळ नुसता स्टार्च. त्यात तूप, बटाटा, वर खोबरं. खिचडीत पौष्टिक काय असेल तर दाण्याचं कूट. उपास देवासाठी करत असाल तर जरूर करा, वजनासाठी म्हणून साबुदाणा खाऊ नका.

मग प्रश्न येतो, दीक्षित की दिवेकर? महाराष्ट्रात या प्रश्नावरून नवरा-बायकोत अबोला झालेला मी पाहिलाय. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत. ऋजुता दिवेकर सांगतात, थोडं थोडं वेळेवर खा, घरचं, आपल्या मातीतलं खा. वरवर पाहता अगदी उलट. पण ज्याला ज्याने फरक पडला, त्याला विचारा काय सुटलं. दोन्हीकडे तेच सुटलेलं असतं: येता-जाता तोंडात टाकायचं ते. ज्याच्या दिनक्रमात जे बसेल आणि दोन वर्षांनीही चालू राहील, ते त्याने करावं. मात्र इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता दोन जेवणांवर जायचं नाही. साखर एकदम उतरून चक्कर येते, आणि ती लोकलच्या दारात येऊ शकते.

भाकरीबद्दल एक गैरसमज आहे. ज्वारी, नाचणी यांच्या पिठात कॅलरी गव्हापेक्षा फारशा कमी नाहीत. फायदा होतो तो असा की तव्यावर तेल लागत नाही, चोथा मिळतो, आणि पोळ्या चार जातात तिथे भाकऱ्या दोनच जातात. बाजारातली नाचणीची बिस्किटं हा वेगळाच प्रकार आहे, त्यांच्या पुड्यामागचं बारीक अक्षरातलं वाचा: पहिल्या तिनांत मैदा आणि साखर सापडेल अशी पुष्कळ आहेत.

चालणं. तासभर बऱ्यापैकी वेगाने चाललात तर 200-250 कॅलरी खर्च होतात, एका वडापावाहून कमीच. तलावपाळीला फेऱ्या मारून तिथेच शेवपुरी आणि आइस्क्रीम खाणाऱ्यांना हा आकडा सांगितला की वाईट वाटतं. तरी चालाच, कारण चालण्याचं मुख्य काम कॅलरी जाळणं नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं नुसती शतपावली केली तरी जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते. रात्री घरातच, बाल्कनी ते हॉल, फोनवर बोलत बोलत केली तरी चालेल.

आता चिठ्ठ्या आल्यात, वेळ कमी आहे, दोनच घेते.

'नातू बारा वर्षांचा, घोडबंदरला राहतो, वजन फार आहे, त्याला डाएट द्या.' मुलाला वेगळं ताट अजिबात देऊ नका, त्याला वजनावरून चिडवू नका. त्याच्या घरात ॲपवरून आठवड्यातून किती वेळा जेवण येतं आणि थंड पेयाची बाटली फ्रिजमध्ये असते का, हे त्याच्या आईवडिलांना विचारा. बदल सगळ्या घराने करायचा.

दुसरी चिठ्ठी, 'वजनाचं इंजेक्शन घ्यावं का?' 2025 पासून आपल्याकडे ही औषधं अधिकृतपणे मिळू लागली, टिर्झेपटाइड, सेमाग्लुटाइड. ती कामाची आहेत. भूक खरंच कमी होते, वजन दहा-पंधरा टक्के किंवा त्याहून जास्त उतरतं, आणि ज्यांचं वजन फार जास्त आहे किंवा वजनाबरोबर मधुमेह आहे त्यांच्यासाठी विचार जरूर व्हावा. पण सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत दिसलं की औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. उतरणाऱ्या वजनात स्नायूही असतात, म्हणून मघाचं ते उसळीचं आणि थोडं वजन उचलायच्या व्यायामाचं तेव्हा आणखी पाळायचं. लग्नाच्या फोटोसाठी चार किलो कमी करायचं हे औषध नाही, आणि जिममधल्या ओळखीने किंवा ऑनलाइन मागवून तर मुळीच टोचून घेऊ नका. स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेली असेल, घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल, तर ते डॉक्टरांना स्वतःहून, पहिल्याच भेटीत सांगायचं.