कच्च्या मातीची देवी

घोड नदीच्या उजव्या काठावरचे हे उंचवटे पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या शिवारात आहेत. जुन्या वस्तीच्या अशा मातीला आपल्याकडे पांढर म्हणतात. ही माती खत म्हणून शेतात नेण्याची रीत जुनी असल्यामुळे महाराष्ट्रातील कितीतरी पांढरी कोणी पाहण्याआधीच गाड्यांतून वाहून गेल्या. इनामगावची पांढर मात्र डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून बारा हंगाम थरामागून थर उकलत नेली. जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीच्या शेतकऱ्यांची शंभराहून अधिक घरे तिच्यातून उजेडात आली.

त्यांपैकी एका घराच्या जमिनीखाली मातीची ही लंबगोल पेटी पुरलेली होती. पेटीत स्त्रीची एक मूर्ती होती, तिला डोके आहे. पेटीच्या झाकणावर दुसरी स्त्रीमूर्ती होती, तिला डोके नाही, आणि तिच्याजवळ हा बैल होता. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला पडलेली छिद्रे नीट पाहावीत. त्यांतून एक काडी घातली की डोके नसलेली स्त्री बैलावर आरूढ होते. यातील एकही वस्तू भाजलेली नाही. ज्यांच्या घरी भट्टीत भाजलेली, रंगाने चितारलेली सुबक भांडी होती, त्यांनी देवी मात्र कच्च्या मातीची ठेवली. पार्थिव गणपती घडवून विसर्जित करणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

घरातल्या याच जमिनीखाली आणखी काय होते, तेही या दृश्यात दिसते. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आहेत आणि त्यांत लहान मुलाच्या अस्थी आहेत. इनामगावात सापडलेल्या दफनांपैकी बहुतेक मुलांची आहेत. देवी आणि हे कुंभ यांचा विचार वेगवेगळा करावा, असे आम्हाला वाटत नाही. इसवी सनापूर्वी १००० नंतर चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या आणि इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव ओस पडले.

पुढचे दृश्य धाराशिव जिल्ह्यातील तेरचे आहे. सातवाहनकाळात भरभराटीला आलेल्या या नगरात, तसेच जालना जिल्ह्यातील भोकरदनमध्ये, डोक्याच्या जागी कमळ असलेल्या किंवा डोकेच नसलेल्या, पाय फाकवून बसलेल्या देवीच्या लहान प्रतिमा मिळाल्या. अभ्यासक तिला लज्जागौरी म्हणतात. वास्तविक तिच्या बसण्यात लाज कुठेच नाही. ती प्रसवाची बैठक आहे. इनामगाव आणि तेर यांच्यामध्ये हजारांहून अधिक वर्षांचे अंतर असल्याने या दोघींची सरळ वंशावळ मांडता येत नाही. पण मस्तकाविना पूजिली जाणारी माता या भूमीला परकी नव्हती, एवढे म्हणता येते.

माहूरच्या गडावर याच्या नेमके उलट दिसते. शेंदूर माखलेला हा रेणुकेचा तांदळा म्हणजे केवळ मुख आहे. आई जमिनीतून वर येत असताना परशुरामाने धीर न धरता मागे वळून पाहिले, म्हणून तिचे मुखच तेवढे बाहेर आले, अशी तेथील कथा आहे. तेरला धड आहे, माहूरला मुख आहे. इनामगावच्या त्या घरात मात्र दोघी एकाच जागी होत्या, एक पेटीच्या आत आणि दुसरी झाकणावर.