‘ज्युनिअर’ म्हणवले गेलेले डॉक्टर

(रात्रीचा वॉर्ड. निम्मे दिवे मालवलेले.)

रात्रपाळीच्या डॉक्टरच्या कमरेला एक छोटी डबी असते, ब्लीप. ती वाजली की जवळचा फोन गाठायचा. पलीकडून कुणी सांगतं, पेशंटला धाप लागलीय. निम्म्या वाटेत ती पुन्हा वाजते. आधी कुणाकडे धावायचं, हे ज्यानं ठरवायचं त्याला इंग्लंडमध्ये म्हणत ‘ज्युनिअर डॉक्टर’. नुकताच पास झालेलाही ज्युनिअर आणि आठ वर्षं हॉस्पिटलात काढलेलाही ज्युनिअरच.

१२ जानेवारी २०१६. चाळीस वर्षांनी हे डॉक्टर संपावर गेले, सरकारच्या नव्या नोकरी-करारावरून. आरोग्यमंत्री जेरेमी हंट यांचा मूळ प्रस्ताव होता की सोमवार ते शनिवार, सकाळी सात ते रात्री दहा, हे सगळे ‘नेहमीचे तास’ धरायचे. म्हणजे शनिवारी रात्री नऊचं काम आणि मंगळवारी सकाळचं काम एकाच भावात. एप्रिलमध्ये इमर्जन्सीतले ज्युनिअरही बाहेर पडले. तेव्हा सीनिअर डॉक्टरांनी रुग्ण सांभाळले, हे विसरता कामा नये. शेवटी करार लादलाच गेला. त्यात आठवड्याची कमाल मर्यादा ९१ तासांवरून ७२ वर आली, एवढं मात्र चांगलं झालं.

(आंदोलकांच्या हातातले फलक.)

२०२३ मध्ये मागणी आली ३५ टक्के पगारवाढीची. ऐकणाऱ्याला हा आकडा अवाच्या सवा वाटला. पण हिशेब मांडून बघा. डॉक्टरांची संघटना बीएमए म्हणत होती की महागाई धरली तर २००८ पासून पगार २६ टक्क्यांनी घटलाय. शंभराचे झाले चौऱ्याहत्तर. चौऱ्याहत्तरचे परत शंभर करायला ३५ टक्केच लागतात! खरी ओढाताण होती ती महागाई कुठल्या निर्देशांकानं मोजायची यावर. नव्या डॉक्टरला तेव्हा तासाला मिळत होते जेमतेम १४ पौंड.

जानेवारी २०२४ मध्ये सलग सहा दिवस संप झाला. सप्टेंबरात दोन वर्षांची मिळून सुमारे २२ टक्के वाढ डॉक्टरांनी स्वीकारली. त्याच महिन्यात ‘ज्युनिअर’ शब्द गेला, ‘रेसिडेंट’ आला. जुलै २०२५ मध्ये पुन्हा पाच दिवस काम थांबलं.

(पहाट. कोट चढवणारे हात.)

ड्युटी संपून पाऊण तास झालाय. जादा वेळेची नोंद करायची सोय २०१६ च्या करारात आहे. पण वरिष्ठांना काय वाटेल, या विचारानं ती पुष्कळदा केली जात नाही. ब्लीप पुढच्या डॉक्टरच्या हाती जाते. आणि वाजते.